कूलरची नाहक बदनामी

मे महिन्याचं वीजबिल हातात पडलं की वर्धा जिल्ह्यातल्या घराघरांत एक खटला उभा राहतो, आणि आरोपी आधीच ठरलेला असतो: खिडकीतला कूलर. "बंद करा ना बाप्पा तो कूलर, मीटर पळून राह्यलं!" त्याचा गुन्हा एवढाच की तो आवाज करतो. विजेचा हिशेब आपण कानाने करतो. मिक्सर गरजला की बिलाच्या धास्तीने घर दचकतं. पण ७५० वॅटचा मिक्सर चटणीसाठी ५ मिनिटं फिरला, तर युनिटचा सोळावा हिस्सा खर्च होतो. १,००० वॅटचं यंत्र तासभर चाललं की १ युनिट, एवढं साधं गणित आहे. उलट न्हाणीघरातला २,००० वॅटचा गिझर मौनव्रती. हिवाळ्यात तो अर्ध्या तासात एक युनिट गिळतो, म्हणजे सोळा चटण्या. पण तो कुणावर ओरडत नाही, म्हणून त्याच्यावरही कुणी ओरडत नाही.

आता आरोपीची बाजू ऐका. घरगुती कूलर पंखा आणि पंप धरून साधारण २०० वॅटचा. दिवसाचे १४ तास घरघरला तरी तीन युनिटांच्या आतच. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो. मधून मधून विसावा घेतला तरी एका रात्रीत तो कूलरला सहज मागे टाकतो, आणि तेही अगदी सभ्यपणे, कुजबुजत. मुळात कूलर विजेने गारवा करतच नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जवळपास दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता शोषून घेतं. तासाला नऊ लिटर उडालं, तर सहा युनिटांचं काम झालं आणि मीटरवर चढला युनिटचा पाचवा हिस्सा. बाकीची मजुरी वर्ध्याची कोरडी हवा फुकट करते. नवतपात ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, तेच ऊन ताट्या सुकवून आपल्याला गार करत असतं. हां, आषाढात हवा दमट झाली की हा मजूर संपावर जातो आणि उरतो तो नुसता आवाज. तेव्हा कूलरला खुशाल बोल लावा.

सरकारी वकील म्हणतील, तो पाणी किती पितो! पितो खरा, आणि धाम नदीच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात ही तक्रार खोटी नाही. पण ती पाण्याच्या टाकीपाशी करावी, मीटरपाशी नव्हे. दुसरा आक्षेप अधिक चलाख: कूलरमुळे स्लॅब बदलला. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढे भाव चढतो, हे खरं. पण चढा भाव फक्त पुढच्या युनिटांना लागतो, आणि १०१ वं युनिट कुणी खाल्लं हे मीटर लिहून ठेवत नाही. पहिल्या युनिटापासून जेवायला बसलेला फ्रीज पंगतीतून उठलेलाच नसतो. त्यातून त्याला गॅसच्या शेगडीजवळ किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवलेला, म्हणजे उन्हाळ्यात कॉम्प्रेसरला श्वास घ्यायचीही उसंत नाही. तिसरे गृहस्थ सेवाग्रामकडे बोट दाखवतात. १९३६ साली तिथे गांधीजींच्या निवासाचा खर्च १०० रुपयांच्या आत ठेवायची अट होती, आणि मातीच्या भिंतींना मीटर लागत नाही. मुद्दा बिनतोड आहे. फक्त हे गृहस्थ स्वतः सिमेंटच्या स्लॅबखाली राहतात. तो स्लॅब दिवसभर ऊन साठवतो, रात्रभर परत देतो, आणि त्याचा दंड मात्र कूलर भरतो.

शेवटी शिक्षा होतेच. कूलर बंद होतो आणि सगळं घर घामाघूम होऊन गच्चीवर निजायला जातं. खाली रिकाम्या खोलीत सेट-टॉप बॉक्सचा लाल डोळा लुकलुकत असतो: १० वॅट, चोवीस तास, म्हणजे रोजच्या जवळजवळ चार चटण्या. तो साक्षीलाही बोलावला गेलेला नसतो.