प्रकाशपंडित

हा माणूस ओळखायला सोपा. कोणाच्याही घरी गेला की आधी वर बघतो. यजमान 'या, बसा' म्हणेपर्यंत त्यांच्या फॉल्स सीलिंगमधले दोन दिवे भिंतीला फार चिकटलेत, हे त्याने हेरलेलं असतं. लग्नात लोक नवरीकडे बघतात, हा स्टेजवरच्या हॅलोजनकडे. दुखवट्याला गेला तरी जिना उतरताना बायकोच्या कानाशी पुटपुटतो, "बैठकीत साडेसहा हजार केल्विन लावलाय गं. धडधाकट माणसंसुद्धा आजारी दिसत होती."

एरवी गृहस्थ सरळमार्गी. नोकरी बरी, टू बीएचके स्वतःचा, कर्जाचे हप्ते संपत आलेले. हप्ते संपत आले की आपल्याकडचा मध्यमवर्गीय एक तर चारधामला जातो, नाहीतर बाथरूम तोडतो. याने बाथरूम तोडलं.

बाथरूम चार बाय सात. दारावर एक दिवा, आरशावर एक ट्यूब, एवढ्यावर घराने इतकी वर्षं काढली. त्याआधी वाड्यातल्या मोरीत झिरोचा बल्ब होता. नावाला झिरो, खायचा चांगले पंधरा वॅट. "त्या उजेडात तुझे आजोबा वस्तऱ्याने दाढी करायचे, कधी कान कापला नाही," असं आईने सुनावलं. त्यावर हा म्हणाला, "आई, तो उजेड नव्हता. तो पिवळा अंधार होता."

मग ग्राफ पेपर आला. सीलिंगची जेवढी उंची, त्याच्या निम्मं अंतर दोन दिव्यांत ठेवायचं आणि भिंतीपासून त्याच्याही निम्मं, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. सीलिंग आठ फुटांवर. म्हणजे दिव्या-दिव्यांत चार फूट, भिंतीपासून दोन. चार फूट रुंदीच्या खोलीत ओळ एकच आणि ती मधोमध. लांबी सात फूट. हिशेबाचं उत्तर आलं, दोन दिवे.

दोन! एवढ्यासाठी ग्राफ पेपर आणला? दोन दिवे तर इलेक्ट्रिशियनने न विचारता लावले असते. प्रकाशपंडिताला हे उत्तर मानवेना. त्याने खोलीचे 'विभाग' पाडले. शॉवरखाली पाणी उडतं, तिथे आयपी ६५ हवाच. आरशापाशी आयपी ४४ चालेल. आयपीतला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, हे आता घरातल्या सगळ्यांना पाठ आहे; धुणीभांड्याच्या मावशींनासुद्धा. मग झोताचा कोन. छत्तीस अंशांचा घेतला तर जमिनीवर गोल पडतो आणि भिंती काळवंडतात, साठ अंशांचा घेतला तर उजेड पसरतो. या चर्चेत दोन रविवार गेले आणि दिवे पाच झाले.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. आरशाबद्दल तो बोलतो ते शंभर टक्के खरं आहे. डोक्यावरून थेट खाली पडणारा उजेड कपाळ चमकवतो आणि डोळ्यांखाली, नाकाखाली सावल्या पाडतो. दाढी करायची ती हनुवटी नेमकी अंधारात. दिवे हवेत आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर. हे त्याने मेव्हण्याला समजावलं, सोसायटीच्या सेक्रेटरीला समजावलं, लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसाला समजावलं. आणि मग स्वतःच्या आरशासमोर एक दिवा बरोब्बर डोक्यावर घेतला. का? तर तो तिथे नसता तर ओळ तुटली असती.

रंगीत तालीमही झाली. वाटी उपडी ठेवून पुठ्ठ्याचे पाच गोल कापले, स्टुलावर चढून ते चिकटपट्टीने स्लॅबला लावले. मग उपड्या बादलीवर बसून मान वर करून तो तासभर त्यांच्याकडे बघत राहिला.

"अहो, आंघोळ करताना वर कोण बघतं?" बायकोने दारातून विचारलं. "तुम्ही तर साबणाने डोळे मिटूनच घेता."

"प्रश्न बघण्याचा नाहीये. प्रश्न सिमेट्रीचा आहे."

सिमेट्रीची दृष्ट काढायचं काम शेवटी वरच्या मजल्याने केलं. पीव्हीसीचे पॅनल बसले, इलेक्ट्रिशियन होल सॉ घेऊन शिडीवर चढला, मधल्या दिव्याचं भोक पाडलं आणि त्यात बोट घालून तिथेच थांबला.

"साहेब, इथं वरच्यांचा नहाणी ट्रॅप आहे. दिवा आत जाणार नाही."

"दोन इंच तरी जागा असेल ना?"

"दीड. आणि ट्रॅप ओला लागतोय."

म्हणजे दिव्याचा प्रश्न तर होताच, वर गळतीचाही निघाला. पण पंडिताच्या चेहऱ्यावर गळतीची चिंता नव्हती. "सहा इंच डावीकडे घेतला तर उरलेले चारही सहा इंच हलवावे लागतील," तो म्हणाला. इलेक्ट्रिशियनने शिडीवरूनच त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिने 'तुम्ही घ्या' अशी मान हलवली. दिवा एकटाच सरकला. आणखी एक दिवा गीझरच्या बरोब्बर डोक्यावर आला, कारण ग्राफ पेपरवर गीझर काढायचाच राहिला होता. घरातली सर्वात झळाळती वस्तू आज तो पंचवीस लिटरचा गीझर आहे.

आता बाहेर चार बटणं आहेत. घरचे एकच दाबतात, आरशावरच्या जुन्या ट्यूबचं. ती काढू द्यायला आई तयार झाली नाही. पण पाहुणे आले की हा लगबगीने पुढे होऊन चारही बटणं दाबतो आणि दाराबाहेर घुटमळत राहतो. पाहुणा हात पुसत बाहेर येतो तोच विचारतो, "काय, कसं वाटलं?"

बिचारा पाहुणा गोंधळतो. बाथरूममधून बाहेर आल्यावर हा प्रश्न त्याला आजवर फक्त डॉक्टरांनी विचारलेला असतो.