काडीवाले काकाजी

काकाजींनी आयुष्यात एकही रोप विकत घेतलेलं नाही. ज्याचे शेजाऱ्यांशी संबंध बिघडले असतील त्यानंच नर्सरीत जावं, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी काडी मागावी.

असा एक काकाजी फुलचूरच्या जवळपास प्रत्येक गल्लीत सापडतो. गोंदियाला चिकटलेलं हे गाव. जिथं धानाच्या बांध्या होत्या तिथं प्लॉट पडले, प्लॉटवर मुरूम पडला, मुरमावर घरं उभी राहिली आणि घरमालक त्याच मुरमात गुलाब लावून बसले. मग गुलाब रुसला की काकाजी लागतात. वसंत पंचमी उलटली, आंबे मोहोरले, की सकाळी सातला फाटकाची कडी वाजते. अंगात बनियन, गळ्यात दुपट्टा, हातात कैची आणि खांद्यावर तांदळाच्या रिकाम्या कट्ट्याची शिवलेली पिशवी. पिशवीत ओला फडका. हा फडका फार महत्त्वाचा. काडी तोडल्यापासून घरी पोचेपर्यंत ती त्यात निजते.

काकाजींचा करार सोपा आहे: छाटणी फुकट, काड्या त्यांच्या. केस कापून झाल्यावर न्हाव्यानं पैसे न घेता केसच घरी न्यावेत, तसा हा धंदा. त्यामुळे छाटणी किती करायची हे झाडाच्या गरजेवर ठरतं की पिशवीच्या मापावर, याबद्दल गल्लीत दोन पक्ष आहेत.

पण माणसाला विद्या आहे, हे विरोधी पक्षही मान्य करतो. मोगऱ्याचंच घ्या. मोगऱ्याला जानेवारीत ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग छाटायचं, मुळाशी कुजलेलं शेणखत द्यायचं आणि पुन्हा पाणी सुरू करायचं. तेव्हा कुठे उन्हाळ्यात कळ्यांनी लदबदतो. हे सगळ्यांना पटतं. निभत मात्र कोणाला नाही. समोरच्या वहिनी संध्याकाळी दया येऊन तांब्याभर पाणी ओततातच. काकाजी सकाळी येतात, मातीत बोट खुपसतात आणि गुन्हा उघडकीस आणतात.

"वैनी, मोगऱ्याले पानी देऊन रायल्या का जी?"

"नाही हो काकाजी, भांडी विसळली तेच पडलं असंल."

"सुकू द्या जी त्याले. तहानंल तवाच फुलंल."

जास्वंदीच्या छाटणीला मात्र घराघरातून प्रतिकार होतो, कारण तिथं प्रश्न देवाचा असतो. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, म्हणून जुन्या फांद्या काढायला हव्यात, पांढरा पिठ्या ढेकूण चिकटलेली टोकं तर आधी. हे काकाजी समजावून सांगतात. घरची म्हातारी विचारते, "गनपतीले काय वाहू मंग?"

"दुर्वा वाहा. महिनाभर चालवून घेईल तो," काकाजी गणपतीच्या वतीनं परस्पर सांगून टाकतात आणि कैची चालवतात.

घरी पोचल्यावर त्यांच्यातला डॉक्टर जागा होतो. पेन्सिलीएवढी जाड काडी निवडायची, तीन-चार डोळे ठेवायचे, खालचा काप तिरपा घ्यायचा आणि वरच्या टोकाला शेणाची टोपी घालायची, म्हणजे काडी वरून वाळत नाही. कुंड्या विकत घेण्याचा प्रश्नच नाही. तेलाचे पिपे, रंगाचे डबे, फुटके माठ आणि एका बाजूला, कुणाच्या तरी घराच्या दुरुस्तीतून आलेला, एक कमोड. त्याच्यात दहा वाजताची गुलाबी फुलं इतकी छान फुलतात की पाहुण्यांना आधी फुलं दिसतात, मग जागा लक्षात येते आणि मग ते चहा पुन्हा मागत नाहीत.

आणि इथं खरी गंमत आहे. काकाजींच्या अंगणात एकाही झाडाला झाडाचं नाव नाही. ज्यानं काडी दिली त्याचं नाव. गुलाब म्हणजे तलाठीसाहेब, शेवंती म्हणजे मास्तरीणबाई, कढीपत्ता म्हणजे ठाणेदार. सकाळी काकाजी नळी घेऊन फिरतात आणि काकूंना हाका मारून बातम्या देतात. गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका कुटुंबानं कुंपणापलीकडून पहिले काही दिवस काय ऐकलं असेल, पहा:

"अवो, मास्तरीनबाईले मावा लागला!"

"तलाठीसायेबाले उचलून उन्हात ठेव, बुडाशी सडून रायला तो!"

"ठानेदाराचं मुंडकं छाटलं आज. लय माजला होता."

त्या कुटुंबातल्या गृहस्थानं म्हणे चार दिवस सायकलसुद्धा आत घेऊन कुलूप लावलं होतं.

याच गृहस्थांनी नंतर नर्सरीतून पेटुनियाचे डबे आणले, फेब्रुवारी संपता संपता. काकाजींनी ते पाहिले आणि सांत्वनाच्या सुरात म्हणाले, "पाहुने आहेत जी हे. शिमग्यापर्यंत." होळी पेटली, थंडी पळाली आणि पेटुनिया गेला. काकाजी भेटायला आले ते पिशवी घेऊनच. मोकळे डबे त्यांना हवे होते.

मातीच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकत नाहीत. चिमूटभर हातात घ्यायची, वास घ्यायचा आणि "मोरंड" किंवा "सिहार" असा निकाल द्यायचा. मग त्यात भातगिरणीची राख, वर तणसाचं आच्छादन. मध्यंतरी त्यांनी जीवामृताचा नाद धरला. त्याचा प्रसार करणारे पद्मश्री सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, म्हणजे आपल्याच विदर्भातले, तेव्हा नाही कसं म्हणणार? दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. त्यांनी पाव मापाचं केलं. तरी अर्धा किलो बेसन गेलंच. काकू काही बोलल्या नाहीत. जावई आला त्या संध्याकाळी भज्यांची बशी मात्र आली नाही, आणि कारण विचारल्यावर त्यांनी पिंपाकडे बोट केलं.

काकूंबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण खाण्याजोगं जे काही त्या घरात पिकतं ते त्यांच्या सांदवाडीत. माघाच्या शेवटी कधीतरी दुपारी त्या खुरपं घेऊन मागं जातात, भेंडी, चवळी, ढेमसं टोचतात, दोडक्यासाठी बांबू रोवतात आणि पुढच्या अंगणातलं व्याख्यान संपायच्या आत परत येऊन भात टाकतात. काकाजी ह्याला बागकाम मानत नाहीत. जेवताना भेंडी मात्र दोनदा वाढून घेतात.

गेल्या नवतप्यात खऱ्या तलाठीसाहेबांचा मूळ गुलाब करपला. आता तेही निवृत्त. पाऊस पडल्यावर संकोचत काकाजींच्या फाटकाशी उभे राहिले. काकाजींनी अर्धा तास आढेवेढे घेतले, उन्हाळी पाण्यावर एक भाषण केलं आणि मग तलाठीसाहेबांतलीच एक काडी तोडून, शेणाची टोपी घालून, तलाठीसाहेबांच्या हातात दिली. अट एकच: जिथून काडी आली त्याचं नाव राहील.

अट पाळली जाते आहे. यंदा माघात तलाठीसाहेबांच्या अंगणातून रस्त्यापर्यंत ऐकू आलं, "अवो, काकाजीले शेन टाकलं का? आनि कैची आना, फार वाढले ते."