कुंपणापलीकडची कणीक

"बाई, चिठ्ठ्या निघाल्या म्हनं!"

दोडक्याच्या वेलाआडून काकूंचा आवाज आला की मी आधी गॅस बारीक करते. आमच्या दोघींच्या मध्ये तारेचं कुंपण आहे. त्यांचा दोडका आणि माझी गोकर्ण त्यावर अशी गुंतलीत, की तार कुठे आहे ते हात ओरखडल्यावरच कळतं.

"कसल्या चिठ्ठ्या?"

"आवं, त्या वरच्या बंगलेवाल्यांच्या. चित्रं काढनारे, मडकी करनारे, गानारे. एक जुना अन् एक नवा, अशा जोड्या लावल्यात. वाटीत चिठ्ठ्या टाकल्या अन् उचलल्या. भिशीसारख्या."

मला माहीत होतं, पण काकूंना आधी सांगू द्यावं लागतं. पिरंगुटच्या पुढे, पौडच्या अलीकडे आमचं कासार आंबोली. इथली आंबेमोहोराची खाचरं बुजवून जे बंगले झाले, त्यांत कोथरूडचे जिने चढून दमलेले कलावंत राहायला आले. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, की आपण ज्येष्ठ, गावात नवी मुलं आहेत, तर गाठी बांधून देऊ. कल्पना वाईट नाही. फॉर्म छापले, तिथे जरा गाडी घसरली.

"मपल्या नातवाला कोन आलं, म्हायतीये? तबलेवाले. परदेशात वाजवून आलेले."

"पण तो तर पखवाज वाजवतो ना?"

"फारमात 'तालवाद्य' असा एकच रकाना हुता. आता ते व्हिडो धाडतात, अन् आमचं पोरगं रेंज हुडकत टेकडीवर जाऊन बसतंय. चार दिस झाले, दोन बोल उतरलेत."

मी हसले, पण मलाही हसण्याचा फारसा हक्क नाही. चिठ्ठीत मीही आहे, 'ज्येष्ठ'च्या वाटीत. बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली म्हणून. मला आलेली मुलगी टॅबलेटवर चित्रं काढते. पहिल्या दिवशी मी तिला ब्लेडनं पेन्सिलीला लांब टोक कसं काढायचं ते दाखवलं, तर तिनं पेन्सिल बाजूला ठेवून त्याचाच व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी तिनं मला पडद्यावर रंगाचे थर एकामागून एक कसे झाकायचे-उघडायचे ते दाखवलं. जलरंगात बिघडलेला थर मला जन्मात कधी उचलता आला नाही. तेव्हा कोण कुणाची बाई, हे अजून ठरायचंय.

"बुवांना नाही का दिला फॉर्म?" मी विचारलं.

"दिला की. 'अनुभव किती वर्सं' असं लिव्हायचं हुतं. बुवा म्हनले, मला काय म्हाईत, एका आषाढीला बसलो तो अजून उठलोच नाय."

बुवा म्हणजे देवळातल्या भजनी मंडळाचे पखवाजी. वय विचारलं तर तेही आषाढीतच सांगतील. काकूंचा नातू दोन वर्षं त्यांच्याजवळ बसतोय, कुठल्याच चिठ्ठीशिवाय. पहिले चार महिने त्याला पखवाजावर थाप मारू दिली नाही. कणीक मळायला लावली.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पखवाजाच्या उजव्या पुडीला शाई कायमची असते. डाव्या अंगाला, धुमेला, ओली कणीक दर वेळी नव्यानं लावायची आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. ती कणीक किती, हे सांगता येत नाही. कमी पडली तर धूम फुटक्या डब्यासारखी वाजते, जास्त झाली तर आवाज आत गिळते. त्यात मुळशीचा पावसाळा. कातडं सर्द होतं, पुडी उतरते, मग गठ्ठे ठोकून वाद्य चढवायचं. बुवा पोराला एवढंच म्हणायचे, "बोट लाव. आता ऐक. अजून चिमूटभर." पोरगं चिमूट लावायचं, बुवा मान हलवायचे, पोरगं चिमूट काढायचं. एका संध्याकाळी हे मी मोजलं. अकरा वेळा. हरिपाठ सुरू व्हायची वेळ झाली, विणेकरी उभे राहिले, तरी बुवांची मान हलतच होती.

"व्हिडोत कनीक कशी दावनार?" काकू म्हणाल्या.

"तबलेवाल्यांची त्यात चूक नाही हो. आणि चिठ्ठीचं म्हणाल, तर आपली लग्नं तरी कुणी विचारून लावली?"

"म्हनून तर सांगती," काकू म्हणाल्या, आणि यावर दोघींनाही थोडा वेळ काही सुचलं नाही.

मग मी विषय सरकारकडे नेला. म्हटलं, सरकारचीही अशी योजना आहे, गुरु-शिष्य परंपरा नावाची. उदयपूर आणि नागपूरला सांस्कृतिक केंद्रं आहेत, आपलं राज्य दोन्हींत येतं. मी नियमावली वाचली तेव्हा महिन्याला गुरूला ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० असे आकडे होते.

"शिष्याला पैसं? शिकायचं बी अन् वर पैसं बी?"

"पोराचा दिवस बुडतो ना. पिरंगुटच्या कंपनीत गेला असता तर काय मिळालं असतं?"

काकूंनी मनात हिशेब केला. तो दीड हजाराच्या बाजूनं काही लागला नसावा, कारण त्या म्हणाल्या, "बुवांना द्या म्हनावं समदं. त्यांचा चस्मा फुटलाय."

मला कुंदगोळ आठवलं. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जायच्या. घरी संसार, मुलंबाळं, आणि तालमीसाठी गाडीचं वेळापत्रक. भीमसेन तिथेच राहून शिकत होते, आणि शिकत होते म्हणजे गुरूघरी पाणीही भरत होते. त्याच भीमसेननी गुरूच्या नावानं १९५३ साली पुण्यात महोत्सव सुरू केला, तो अजून चालू आहे. हे सगळं मी सांगितलं. काकूंना मात्र रेल्वेचंच पडलं होतं.

"बाई मानूस, एकली? अन् परतीची गाडी चुकली तर?"

मला खरंच आजवर हा प्रश्न पडला नव्हता. पाण्याच्या घागरीवर आपण सगळे लिहितो-बोलतो, स्टेशनवरच्या बाकाबद्दल कुणी बोलत नाही.

"पर एक सांगा," काकू दोडक्याचं पान बाजूला सारत म्हणाल्या, "शिकून पोरगं निगून गेलं तर? बुवांच्या मागं पखवाज कोन वाजवनार? नातू म्हनतोय, पुन्याला ढोल-ताशाच्या पथकात जातो. तिकडं नाव हुतं."

इथे माझं माहेर कामाला आलं. मी कोल्हापूरची. तिथे बाबूराव पेंटर म्हणजे घरातलंच माणूस असल्यासारखं लोक बोलतात. पडदे रंगवणारा माणूस. सिनेमा पाहिला आणि ठरवलं, हा आपण करायचा. कॅमेरा परवडेना, तर दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली तो स्वतःच बनवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकवणी अशी नव्हतीच. शांताराम नावाचा पोरगा पडेल ते काम करत होता. उचल, ठेव, मिशी लाव, कॅमेऱ्यापुढे उभा राहा. दामले आणि फत्तेलाल रंग, लाकूड, यंत्र सगळ्यात हात घालायचे. आणि १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर असे चौघंही कंपनी सोडून गेले आणि त्याच कोल्हापुरात 'प्रभात' काढली.

"त्याच गावात?" काकूंचा हात दोडक्यावरच थांबला. "गुरूच्या नाकासमूर?"

"हो. पुढे १९३३ला पुण्याला आले. लॉ कॉलेज रस्त्यावर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, तो 'प्रभात'चाच स्टुडिओ. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' तिथलाच."

"तुकाराम आमच्या सासऱ्यांनी पाह्यला हुता. पडद्यावर विमान आल्यावर हात जोडले म्हनायचे." मग जरा थांबून, "अन् बाबूरावांची कंपनी?"

"बंद पडली काही वर्षांनी."

आमच्या घरी आजोबा यावरून अजून, म्हणजे जिवंत असेपर्यंत, चिडायचे. पोरांनी पाठ फिरवली म्हणायचे. लहानपणी मला ते पटायचं. आता मुलं शिकवून झाल्यावर वाटतं, चौघांनाही एकदम बाहेर पडून उभं राहता आलं, यात बाबूरावांचा हात केवढा असेल. काकूंना मी हे एवढं लांबवून सांगितलं नाही. त्यांनी आपलं आपण कापलं: "लेक सासरी गेली म्हनून आई रडती. पर ठिवून घेती का?"

तेवढ्यात तो विषयच सायकलवरून आला. एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाला, "बाई, कणीक आहे का? देवळातला डबा संपलाय."

पोळ्यांसाठी भिजवलेली होती. मी गोळा आणून तारेवरून दिला. त्यानं चिमटीत धरला, दोन बोटांत ताणला, वास घेतला.

"तेल घातलंय?"

"आणि मीठ."

"मग नाही चालायची. थाप पडली की सुटते. मूठभर कोरडं पीठ द्या, तिथं भिजवतो."

"घरात पान्याचा तांब्या उचलत नाय," काकू आकाशाकडे बघत म्हणाल्या, "अन् देवळात पीठ मळतंय."

वर्तमानपत्राच्या पुडीत पीठ घेऊन तो गेला. आम्ही मग वीजबिलावर आलो, तिथून आवळ्याच्या भावावर. अंधारून आलं. देवळाकडून हातोडीचे ठोके ऐकू येऊ लागले. टक टक, मग थाप, मग पुन्हा टक टक. काकूंनी बोलता बोलता हात वर करून मला गप्प केलं.

"बुवांचा हात असा पडत नाय," त्या म्हणाल्या. "त्ये मोठा ठोका देऊन मग बारीक देतात. ह्यो बारीकच देतोय."

आम्ही ऐकत उभ्या राहिलो. एक थाप पडली, दबकी. थोडा वेळ काहीच नाही.

"कनीक काढतोय," काकू म्हणाल्या.