साधं की बिसलेरी?

हॉटेलात खुर्चीला पाठ टेकते न टेकते तोच वेटर विचारतो, ‘‘सर, साधं की बिसलेरी?’’ यात पाण्याची चौकशी कमी आणि ऐपतीची जास्त. सोबत ऑफिसातले साहेब किंवा होऊ घातलेले व्याही असतील, तर ‘साधं’ म्हणायला वाघाचं काळीज लागतं. आपण घसा खाकरून ‘बिसलेरी’ म्हणतो. वेटर भलत्याच कंपनीची बाटली आणून ठेवतो. नाव कुणी वाचत नाही. सील कट्‌कन तुटलं की पाणी शुद्ध!

हेच शुद्धताप्रेमी सद्‌गृहस्थ तासाभराने पाणीपुरीच्या गाडीवर सापडतात. तिथे मनगटापर्यंत हात बुडवून काढलेलं हिरवं पाणी ते पुरीगणिक पितात आणि शेवटी ‘‘थोडं नुसतं पाणी दे’’ म्हणून द्रोण पुढे करतात. पुढे उसाचा रस. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून फुटपाथवर ठेवलेली, लाकडी दांडक्याने फोडलेली. ‘‘बर्फ जरा जास्त टाक रे!’’ घरी येऊन पुन्हा फिल्टरचंच पाणी, कारण ‘‘आमच्या पोटाला नळाचं सोसत नाही.’’

बाटलीत हिमालय भरलेला असतो, असा या मंडळींचा ठाम समज. लेबल वाचण्याचा उद्योग कुणी केलाच, तर बहुतेक बाटल्यांवर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असं छापलेलं दिसेल. त्यासाठीचं भारतीय मानक आयएस 14543. त्यात पाणी कुठूनही घ्यायची मुभा आहे : विहीर, बोअर, अगदी पालिकेचा नळसुद्धा. गाळा, शुद्ध करा, भरा, विका. नैसर्गिक झऱ्याच्या मिनरल वॉटरचं मानक वेगळं, आयएस 13428, आणि त्याची किंमतही वेगळी. म्हणजे ज्या नळाला आपण नाक मुरडलं, तोच टोपी घालून टेबलावर आलेला असू शकतो.

आता हिशेब. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. त्यातलं बरंचसं भांडुपला गाळून, क्लोरीन घालून घरोघरी पोचतं. घरगुती दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत. म्हणजे एक लिटरच्या बाटलीच्या पैशांत हजार लिटरहून जास्त पाणी. हॉटेलात तर तेवढे पैसेही पुरत नाहीत. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घ्यायला हॉटेलांना मोकळीक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये दिला. हॉटेल नुसती बाटली विकत नाही, सोबत सेवाही देतं. झाकण वेटरने फिरवलं, हीच ती सेवा!

1965 साली बिसलेरी मुंबईत आली, तेव्हा तिचा वावर बड्या हॉटेलांत होता. आता गावच्या लग्नातही पंगतीत तांब्या फिरवणारा पोरगा दिसत नाही. पानागणिक 200 मिलीची बाटली. पाहुणा दोन घोट घेतो, बाटली ठेवून आइस्क्रीमकडे जातो, परत येऊन आपली ओळखू येईना म्हणून नवी फोडतो. मांडवामागे अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचा ढीग, आणि मांडवाबाहेर टँकरची वाट बघणाऱ्या घागरींची रांग.

पण खरी गंमत सरकारी बैठकीत. विषय : शहराचा पाणीपुरवठा. अधिकारी ठासून सांगतात, ‘‘आपलं पाणी शंभर टक्के पिण्यायोग्य आहे.’’ समोर प्रत्येकाच्या नावाच्या पाटीशेजारी एकेक सीलबंद बाटली. बोलून घसा कोरडा पडला की साहेब कट्‌कन झाकण फिरवतात. ज्यांना परवडतं त्यांनी नळाशी काडीमोड घेतला. मग नळाला गढूळ पाणी आलं तर ओरडणार कोण? उरले ते, ज्यांचं ओरडणं वातानुकूलित खोलीपर्यंत पोचत नाही.

म्हणून एकच मागणी. महापालिकेच्या प्रत्येक सभेत आयुक्तांपासून नगरसेवकांपर्यंत सर्वांना त्याच इमारतीच्या नळाचं पाणी पेल्यातून द्यावं. शहराचं पाणी सुधारायला दुसरी कुठलीही समिती नेमायची गरज पडणार नाही.