शिरस्तेदारांची कैफियत

मुक्काम बर्लिन

तीर्थरूप अण्णांचे सेवेशी,
बालके श्रीकांतचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण व आई जूनअखेर इकडे येण्याचे नक्की केलेत हे वाचून घरात जो आनंदीआनंद झाला, तो त्याच पत्रातील तिसऱ्या कलमाने काहीसा झाकोळला; कारण त्या कलमान्वये, घरातील कुत्र्याची आमच्या आगमनापूर्वी अन्यत्र व्यवस्था लावावी, अन्यथा पाहुणचार स्वीकारला जाणार नाही, असे आपण फर्मावले आहे. फर्मान शिरसावंद्य आहे. तथापि ज्यांची सारी हयात महसूल खात्यात गेली त्यांनी प्रतिवादीची कैफियत ऐकल्यावाचून एकतर्फी निकाल दिला, असे लोकांनी म्हणू नये, एवढ्याकरिता हा पत्रप्रपंच. प्रतिवादी स्वतः लिहू शकत नाहीत, व तूर्त माझ्या उजव्या पावलावर मान टाकून घोरत असल्यामुळे तोंडी जबानीही देण्याच्या स्थितीत नाहीत.

त्यांचे नाव शिरस्तेदार. जातीने डाक्सहुंड, अंगाने लांब, पायांनी आखूड, कानांनी ऐसपैस, दुरून पाहावे तर कोणी बैठकीवरचा लोड जमिनीलगत ढकलीत नेत आहे असा भास व्हावा. या जातीची प्रतवारी वजनावरून न करता छातीच्या घेरावरून करतात, कारण जुन्या शिकाऱ्यांपुढे प्रश्न एकच असे : हा इसम बिळात शिरेल की नाही? पट्टेरी तोंडाचे, जमिनीखाली खोल बिळे करून राहणारे, चवताळले असता भल्याभल्यांना न आटोपणारे एक जनावर इकडच्या रानात असते. त्याच्या मागावर बिळात उतरण्यासाठी जर्मनांनी ही जात पिढ्यानपिढ्या निपजवली. धनी वर उजेडात, कुत्रा खाली काळोखात, हुकूम विचारण्याची सोय नाही. तेव्हा पुढे सरावे की माघार घ्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि कोठे खणायचे ते वरच्याला कळावे म्हणून मोठ्याने गळा काढावा, अशी ही चाकरी. आमच्या घरात बीळ नाही नि ते जनावरही नाही; पण स्वतंत्र निर्णयाचा अधिकार आणि गळा ही दोन्ही वतने शिरस्तेदारांकडे वंशपरंपरेने कायम आहेत. त्यामुळे हाक मारल्यावर ते येत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते हाक दाखल करून घेतात व यथावकाश तिचा विचार करतात.

त्यांचा सारा भर वहिवाटीवर. जी गोष्ट एकवार घडली ती पूर्वापार घडत आली, व जी पूर्वापार घडत आली ती यावच्चंद्रदिवाकरौ घडली पाहिजे, असा त्यांचा कायदा. आमचे बिऱ्हाड जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि इतक्या लांब पाठीच्या कण्यातील चकत्या सरकण्याचा धोका असल्याने यांना जिना चढउतार करू देऊ नये, अशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद आहे. तेव्हा नऊ किलोंचा हा ऐवज दोन्ही हातांवर आडवा घेऊन आम्ही आळीपाळीने वाहतो, व शिरस्तेदार दर मजल्यावरील बंद दारांकडे छबिन्याला निघालेल्या देवाच्या चेहऱ्याने पाहत जातात. येथवर ठीक. परंतु आता बेकरीच्या दारची एक बोटभर उंचीची पायरी आली तरी ते तिच्यापुढे थबकतात आणि पालखीची वाट पाहतात. मागे रांग खोळंबली तरी त्यांना त्याचे काही नाही.

बेरीचे प्रकरण याहून गहन आहे. इकडे बिनमिठाचे, किंचित आंबवलेल्या सायीचे लोणी सर्वत्र मिळते व त्याचे तूप चांगले रवाळ होते, म्हणून सौ. दर रविवारी लोणी कढवते. एकदा पातेले खरवडताना तिने बोटाला लागलेली बेरी सहज यांना चाटवली. झाले! तेव्हापासून तूप कढल्याचा वास दरवळू लागला की शिरस्तेदार, कोठेही व कितीही गाढ झोपेत असोत, उठून स्वयंपाकघरात येतात आणि शेगडीपासून तिसऱ्या फरशीवर, दुसरीवर नव्हे वा चौथीवर नव्हे, पुढचे पाय जुळवून बसतात. पातेल्याकडे ते पाहत नाहीत. समोरच्या भिंतीकडे पाहतात. लाळ घोटणे, शेपूट हलवणे, पायाशी घोटाळणे हे याचकांचे प्रकार झाले. हे वसुलीला आलेले असतात. विलंब झालाच तर भिंतीकडेच पाहत एकदा भुंकतात. ते स्मरणपत्र. दुसरे भुंकणे सहसा लागत नाही, कारण खालच्या मजल्यावरील आजीबाई रविवारच्या शांततेविषयी फार दक्ष आहेत, आणि ही गोष्ट शिरस्तेदारांना आमच्याइतकीच ठाऊक आहे.

इकडच्या सरकारचा कारभार मात्र वहिवाटीवर नसून लेखी नियमांवर चालतो. कुत्रे बाळगले की पालिकेचा कर : बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्यास सालीना 120 युरो, पुढच्या प्रत्येकास 180. प्रशियाच्या राज्यात 1810 साली कुत्र्यास चैनीच्या वस्तूंत गणून कर बसवला, तेव्हापासूनची ही परंपरा. कातडीखाली चिप हवी, कोणास चावल्यास भरपाईचा विमा हवा, रेल्वेने जायचे तर लहान कुत्रा पिशवीत बसल्यास फुकट, बाहेर असल्यास तिकीट. कर भरल्याचा बिल्ला शिरस्तेदारांच्या गळ्यात सदैव खुळखुळत असतो, आणि तो गळ्यात पडल्यापासून घर आपल्याच नावे लागले आहे अशी त्यांची समजूत झालेली दिसते.

मागे त्यांना घेऊन पॉट्सडॅमला गेलो होतो. फ्रेडरिक राजाने, ज्याला हे लोक थोरला म्हणतात, मरणापूर्वी लिहून ठेवले होते की मला माझ्या सान्सूसीच्या वाड्यात माझ्या कुत्र्यांशेजारी पुरा. 1786 साली तो वारला. वारसाने मृत्युपत्र बाजूस सारून त्याला चर्चमध्ये वडिलांशेजारी पुरले, ज्या वडिलांशी त्याचे हयातीत कधी पटले नव्हते. अखेर 1991च्या ऑगस्टात, म्हणजे 205 वर्षांनी, अर्जाप्रमाणे अंमल झाला. (आपल्या कचेरीतील दिरंगाईविषयी मी विद्यार्थिदशेत जे काही बोलत असे ते या निमित्ताने परत घेतो.) याच राजाने रयतेला बटाटा लावण्याचा हुकूम काढला होता, त्याची आठवण म्हणून लोक त्याच्या साध्या दगडी थडग्यावर फुलांऐवजी बटाटे ठेवतात. राजाच्या पंक्तीला त्याच्या ग्रेहाउंडांची थडगी आहेत. आम्ही श्रद्धेने उभे असता शिरस्तेदारांनी त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता थडग्यावरचा एक मध्यम आकाराचा बटाटा उचलला, आणि पहारेकऱ्याचे लक्ष जाण्याच्या आत चालते झाले. तो त्यांनी खाल्ला नाही, सोडलाही नाही. बागेतून, स्थानकावरून, गाडीतून तो तोंडात धरून घरी आणला. तिकीट तपासनिसाने यांचे तिकीट पाहिले, यांच्याकडे पाहिले, बटाट्याकडे पाहिले, आणि बटाट्यास तिकीट लागते की नाही याचा नियम क्षणभर आठवून तो निमूटपणे पुढे गेला.

आता आपल्या वास्तव्याविषयी. ते पलंगावर चढत नाहीत. आखूड पायांमुळे त्यांना ते शक्य नाही व उचलून ठेवण्याचा पायंडा आम्ही पाडलेला नाही. पाहुण्यांवर पहिल्या दिवशी भुंकतात, दुसऱ्या दिवशी जोडे हुंगतात, तिसऱ्या दिवसापासून ओळख देतात. दुपारी जेवणानंतर कोणी मोठ्याने बोललेले त्यांना खपत नाही. सकाळचा फेरफटका ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने व ठरल्या झाडांपाशी थांबत झाला नाही तर दिवसभर घुश्शात असतात. मागच्या फोनवर हे सारे ऐकून आई बराच वेळ हसत होती; कारण मी विचारले नाही, आपणही विचारू नये.

तरी तिसऱ्या कलमाचा फेरविचार व्हावा, ही विनंती. आईस साष्टांग नमस्कार. येताना मेतकूट व गोडा मसाला आणावा.

आपला आज्ञाधारक,
श्रीकांत

ता. क. सौ. सांगते की रविवारच्या बेरीत साखर घालून खाण्याचा आपला जुना हक्क इकडेही अबाधित राहील, मात्र आजवर तिचे तीन वाटेकरी होते ते आता चार होतील. वाटणीचा तक्ता आपणच करून पाठवावा. तिसरी फरशी सोडून.