आंतरविद्याशाखीय सोयरीक

2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि विद्याशाखांमधल्या भिंती पाडायची लाट उसळली. त्यात 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे राहिले, 5 वर्षांत 50 हजार कोटींची भाषा सुरू झाली. मग काय, जिन्यात नमस्कारही न करणारे विभागप्रमुख एकमेकांना चहाला बोलावू लागले.

अशा संयुक्त प्रकल्पाच्या अर्जाची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. गुरुवारी दुपारी रसायनशास्त्राच्या सरांना कळते की संघात सामाजिक शास्त्रांचा एक माणूस लागतो. फोन जातो, “मॅडम, बायोडेटा पाठवा, सही स्कॅन करून. विषय? तो नंतर सांगतो.” मॅडमही मुरलेल्या. “सहसंशोधकाला लॅपटॉप मिळेल ना?” ‘सामाजिक परिणाम’ या मथळ्याखाली त्यांच्या वाट्याला दीड परिच्छेद येतो, तोही गेल्या वर्षीच्या अर्जातला.

पैसे मंजूर झालेच तर बहुधा फेब्रुवारीत येतात आणि 31 मार्चच्या आत खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते. तेवढ्यात संशोधन कसले, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून प्रिंटर येतो. तो कोणत्या विभागात ठेवायचा, यावरून संघ फुटतो.

अर्ज तपासणाऱ्यांना एकच विनंती : बायोडेटे मोजू नका. संघातल्या दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा आणि प्रकल्पाचे शीर्षक विचारा.