भीमेपलीकडचा स्वस्त विमा

टाकळीचा पूल ओलांडून कर्नाटकात गेले की गाडीचा विमा स्वस्त पडतो, हा सोलापुरी चहाच्या टपरीवरचा सिद्धान्त. पण तृतीय पक्ष विम्याचा दर केंद्र सरकार ठरवते: जून 2022 पासून हजार ते दीड हजार सीसीच्या मोटारीला वर्षाला 3,416 रुपये, मग पाटी एमएच-13 असो वा विजयपूरची केए-28. राहिला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग. त्यासाठी दरपत्रकाने देशाचे दोन तुकडे केले: पुण्या-मुंबईसह आठ महानगरे ‘अ’, बाकी सगळे ‘ब’. सोलापूरही ‘ब’, विजयपूरही ‘ब’. सीमाप्रश्न विमावाल्यांनी असा परस्पर मिटवला आहे!

तरी दलाल स्वस्तात देतोच की, असे कोणी म्हणेल. देतो, आणि त्यात गैर नाही; 2007 पासून या दुसऱ्या भागाचे दर मोकळे आहेत, दहा कंपन्यांचे भाव विचारणे हे दलालाचे कामच. मात्र कमिशनातून सूट द्यायला 1938 च्या विमा कायद्याचे कलम 41 मनाई करते, त्यामुळे ती टेबलाखालून सरकते. त्याहून स्वस्त हवे असेल तर गेल्या वर्षीचा दावा लपवून ‘नो क्लेम बोनस’ घ्यायचा, किंवा बनावट कागद, ज्यात वाहन प्रकाराच्या रकान्यात मोटारीऐवजी ‘दुचाकी’ असते. गाडी उभी आहे तोवर हा विमा उत्तम चालतो.